विश्लेषण : मंडई बोलते, पण टिपून कोण ठेवते?

मंडईच्या दगडी इमारतीची नोंद महापालिकेच्या दप्तरात आहे. तिच्या आत बसून पिढ्यानपिढ्या भाजी विकणाऱ्यांची नोंद मात्र त्यांच्याच तोंडी आहे. ती टिपण्यासाठी मोठे संग्रहालय उभारण्याची गरज नाही. एक छोटी, नेटाने चालवलेली धर्मादाय संस्था पुरते. अशी संस्था करते काय, तिला खर्च किती येतो आणि ती कुठे फसते?

आताच हा विषय का?

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रो मार्ग सुरू झाला आणि मंडई हे नाव स्थानकाच्या पाटीवर गेले. जमिनीखाली गाडी धावू लागली, वर शारदा गजाननापासून तुळशीबागेपर्यंतची गर्दी तशीच आहे. पण त्या गर्दीतले कोण उरले आणि कोण गेले, हे बघायला गेले की चित्र बदलते. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन कित्येक दशके झाली. आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे पडली, आता त्या नावांनी वाहनतळ ओळखले जातात. कोथिंबिरीची जुडी मोबाइलवर बोट ठेवले की दहा मिनिटांत दारात येते. गाळ्यावरच्या आजोबांचा नातू हिंजवडीला जातो, आणि त्याने तसे करू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

साधा हिशोब करा. १ एप्रिल १९५७ ला देशात नवे पैसे आले, पाठोपाठ शेर-छटाक जाऊन किलो आला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा वरचा पाव पैसा पालेभाजीच्या व्यवहारात कोणाच्या खिशात गेला, गिऱ्हाइकांशी भांडणे कशी झाली, जुनी मापे कधीपर्यंत गाळ्याखाली दडून राहिली, हे ज्याने स्वतः पाहिले तो माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा जो दहा वर्षांचा होता, तो आज पंच्याहत्तरीला टेकला आहे. धरण का फुटले याची चौकशी झाली, कागद झाले, पुस्तके आली. नदीकाठच्या पेठा बुडाल्या त्या आठवड्यात मंडईत माल कुठून आला, भाव कोणी चढवला, कोणी उधारीवर भाजी दिली आणि ती उधारी पुढे फिटली का, हा प्रश्न कोणत्याच आयोगाचा नव्हता. तो विचारायला फार तर दहाएक वर्षे हातात आहेत.

कागदावर काय आणि तोंडी काय?

मंडईच्या जन्माची गोष्ट पुणेकरांना पाठ आहे. १८८०च्या दशकात पालिकेने शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या बाजारासाठी शुक्रवार पेठेत इमारत बांधली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ झाली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पालिकेचे सदस्य होते आणि बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर खर्चावा म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. काळाची गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि ती खरोखर गमतीचीच आहे.

पण ही सगळी गोष्ट सभागृहातली आहे. ती आपल्याला कळते कारण सभागृहात ठराव होतात आणि ठरावांचा कागद राहतो. शनिवारवाड्यासमोर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला उठून नव्या छपराखाली जायचे होते का, जागा कशी वाटली गेली, पहिल्या रांगेत कोण बसले आणि मागे कोण, हे कागदाला कोणी सांगितलेच नाही. तिला विचारण्याची वेळ शंभर वर्षांपूर्वीच टळली. तिच्या पणतीची टळायची आहे.

पुण्याला कागदाचे वेड आहे आणि त्याचा या शहराला रास्त अभिमानही आहे. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या १८९८ च्या पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वासार्हतेवर कोरडे ओढले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. अस्सल कागद आणि ऐकीव गोष्ट यांत फरक करायला या परंपरेने महाराष्ट्राला शिकवले. तिचे ऋण मोठे आहे. मात्र त्याच शिकवणीतून एक आडवळणाची समजूतही मुरली : ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास नाही. हमालाचा कागद कसा असणार? त्याच्या नावावर ना इनाम, ना सनद. फार तर सावकाराच्या वहीत एक ओळ.

मौखिक इतिहास म्हणजे गप्पा नव्हेत

मोबाइलवर साठ सेकंदांत ‘मंडईतल्या आजी’ दाखवणारे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, पण तो मौखिक इतिहास नव्हे. मौखिक इतिहासात आधी ठरवून, तयारी करून, एका माणसाला त्याच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल सविस्तर विचारले जाते. ते पूर्ण ध्वनिमुद्रित होते. कोणी, कधी, कुठे विचारले याची नोंद होते. लेखी संमती घेतली जाते. आणि ती मुलाखत अशा ठिकाणी ठेवली जाते, जिथे वीस वर्षांनी दुसरा कोणी ती ऐकू शकेल आणि पहिल्याने काढलेला निष्कर्ष खोडूही शकेल. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मुलाखत घेणाऱ्याच्या कपाटात पडलेली टेप हा इतिहास नाही, ती एका माणसाची खासगी मालमत्ता आहे.

आधुनिक अर्थाने या कामाची सुरुवात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये केली असे मानले जाते. सुरुवातीला भर मोठ्या माणसांवर होता. ब्रिटनमध्ये १९७३ साली ओरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा रोख कामगार, स्त्रिया, स्थलांतरित यांच्याकडे वळला. ही संस्थाही धर्मादायच आहे. नियतकालिक काढणे, मुलाखतकारांना शिकवणे, नैतिक आणि कायदेशीर सल्ला देणे ही तिची कामे. स्वतः सगळ्यांच्या मुलाखती घ्यायचा हट्ट ती धरत नाही, घेणाऱ्यांना उभे करते. आपल्याकडे भारतीय मौखिक इतिहास परिषद २०१३ पासून आहे, तिचा वावर मुख्यतः अभ्यासकांत.

महाराष्ट्रात हे झाले आहे, तेही पुण्यातून

सर्वांत मोठे उदाहरण मंडईपासून तासाभराच्या अंतरावर घडले. समाजशास्त्रज्ञ हेमा रायरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ हे मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरिबांच्या संघटनेचे काम करत होते. बायकांच्या बैठकींत त्यांच्या लक्षात आले की दुःख सांगायची वेळ आली की बाई भाषण करत नाही, ओवी म्हणते. जात्यावर बसून म्हटलेल्या त्या ओव्यांत सासर होते, भाऊ होता, पंढरी होती, आंबेडकर होते, दारू पिणारा नवरा होता. आणि गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्याने जाते मुके होत चालले होते. काम थांबले की त्या कामाचे गाणेही थांबते.

पुण्यातल्या त्यांच्या छोट्या संस्थेने, सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेसने, गावांतल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरून ओव्या उतरवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल सोबत आले, ध्वनिमुद्रण झाले, विदागार तयार झाले. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावे. हा आकडा कोणत्याही विद्यापीठाने मिरवावा असा आहे आणि तो एका लहान संस्थेच्या नावावर आहे.

मला या कहाणीतला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. २००४ मध्ये पॉइतवाँ गेले, २०१० मध्ये रायरकर. संस्था ज्यांच्यावर उभी होती ती दोन्ही माणसे सहा वर्षांत नाहीशी झाली. अशा वेळी महाराष्ट्रातल्या बहुतेक संग्रहांचे काय होते ते आपल्याला माहीत आहे : खोके, माळा, वाळवी, रद्दी. इथे तसे झाले नाही. नोंदी शिस्तीत होत्या, गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीला जोडलेले होते, प्रती एकापेक्षा जास्त ठिकाणी होत्या. त्यामुळे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाला ते काम हाती घेता आले, आणि २०१७ पासून त्या ओव्या ध्वनीसह सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. पथके पुन्हा गावांत गेली, काही बायका भेटल्या, काही नव्हत्या. ज्या नव्हत्या त्यांचा आवाज घरच्यांना मोबाइलवर ऐकता येण्याची सोय झाली. नोंद ठेवणाऱ्याची शिस्त ही अशी पुढच्या पिढीच्या कामी येते.

बाकीची उदाहरणे इथे थोडक्यात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. त्या बायकांपैकी अनेकींना स्वतःलाच वाटत होते की आपल्यापाशी सांगण्यासारखे काय असणार. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांतून मुंबईच्या कामगार वस्तीचा इतिहास २००४ मध्ये मांडला. १९८२ चा संप कामगार नेत्यांच्या भाषणांतून आपण ऐकला होता, चाळीतल्या चुलीपाशी तो कसा जाणवला हे त्या पुस्तकाने ऐकवले. आणि मुंबईतच १९८८ पासून ‘स्पॅरो’ ही विश्वस्त संस्था स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह सांभाळते आहे.

आठवण चुकते, मग?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. इटलीत तेर्नी नावाचे पोलादाच्या कारखान्याचे गाव आहे. तिथे लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने मेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने अनेक वर्षांनी गावकऱ्यांना विचारले तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितले की तो १९५३ च्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यात गेला. कागद काढून ‘लोक चुकले’ म्हणता आले असते. पोर्तेल्लींनी विचारले, सगळे एकाच दिशेने का चुकले? उत्तर मिळाले ते असे : १९५३ ची कपात ही त्या गावाची खरी जखम होती. आपल्यातल्या एकाचे मरण त्या जखमेशी जोडले तरच ते त्यांना अर्थपूर्ण वाटत होते. तारीख कागदाने दिली, गावाच्या मनात काय होते ते चुकीने सांगितले.

मंडईतही हेच होणार. पानशेतच्या आठवणीत बहात्तरच्या दुष्काळातली रांग येऊन बसेल. टिळकांच्या पुतळ्याबद्दल, गणपती मंडळांच्या जुन्या भांडणांबद्दल तीन जण चार गोष्टी सांगतील. चांगला मुलाखतकार तिथेच अडवून दुरुस्ती करत नाही. तो पूर्ण ऐकतो, टिपणात वृत्तपत्राची तारीख वेगळी लिहून ठेवतो आणि दोन्ही जपतो. कागदाला तोंडी साक्षीची आणि तोंडी साक्षीला कागदाची गरज असते. राजवाड्यांच्या शहराला हे शिकवायला नको.

खर्च किती?

आपण साठ माणसांच्या, प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती धरू. १२० तास झाले. चांगल्या प्रतीच्या दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाला तासाला साधारण एक जीबी लागतो, म्हणजे सगळा संग्रह १२५ जीबीच्या आसपास. तो खिशातल्या हार्ड डिस्कवर मावतो. तीन प्रती, तीन वेगळ्या इमारतींत. यंत्रसामग्री हा खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे.

मोठा भाग माणसांच्या वेळेचा. एका तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. १२० तासांसाठी ७२० तास धरले आणि रोज सहा तास काम केले, तर एका माणसाचे १२० पूर्ण दिवस. यंत्राकडून मराठी उतरवून घेता येते हे खरे, पण ‘मंडई विद्यापीठा’ची अस्सल बोली, चार जण एकदम बोलणे आणि मागून येणारी ‘वीसला पाव, वीसला पाव’ ही आरोळी यंत्राला झेपेपर्यंत माणसाच्या कानाला पर्याय नाही. हे काम फुकट करून घेण्याचा मोह संस्थांना होतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्राच्या बदल्यात जुंपले जाते आणि मग अर्धवट उतरवलेल्या फायली नावाशिवाय पडून राहतात. उतरवणाऱ्याला मजुरी द्या. हा या लेखातला सर्वांत रुक्ष सल्ला आहे आणि बहुधा सर्वांत उपयोगी.

वेळेचीही एक गोष्ट आहे. भाजीवाल्यांचा दिवस पहाटे मार्केट यार्डातून सुरू होतो, संध्याकाळी गिऱ्हाईक असते, दुपारी जरा उसंत. पण गाळ्यावर मुलाखत घेतली तर गोंगाट, आणि घरी घेतली तर मावशींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांचा थोरला मुलगा देतो. दोन्ही ठिकाणी एकेकदा बसावे लागते. भवानी झाल्याशिवाय तर प्रश्न विचारायचाच नाही.

खरा धोका संमतीत

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या हिंसाचारात भाग घेतलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत टेप बाहेर येणार नाहीत, असा शब्द त्यांना दिला गेला. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी त्या टेपा न्यायालयामार्फत मागवण्यात आल्या आणि काही द्याव्या लागल्या. शब्द देणाऱ्यांची दानत वाईट नव्हती, तो शब्द पाळणे त्यांच्या हातातच नव्हते.

मंडईत बंदुका नाहीत, पण गाळे आहेत. गाळ्यांची मालकी महापालिकेची, वापराचा परवाना कुटुंबाच्या नावावर, आणि प्रत्यक्षात त्यावर कोण बसतो, कोण कोणाला महिन्याचे किती देतो, सख्ख्या भावांत वाटणी कशी झाली, हे निराळेच. एखाद्या आजींनी सहज सांगितले की ‘हा गाळा मूळचा आमचा नव्हेच, अमक्याने आम्हाला बसवले’, तर ते वाक्य इतिहासाच्या दृष्टीने सोन्यासारखे आणि त्यांच्या नातवाच्या दृष्टीने भयंकर. पुनर्विकासाची चर्चा निघाली की असे प्रत्येक वाक्य पुरावा होऊ शकते. म्हणून संमतीचा कागद एकदा सही घेऊन संपत नाही. मुलाखत झाल्यावर ती ऐकवायची, कोणता भाग आज खुला, कोणता वीस वर्षांनी, कोणता काढून टाकायचा ते विचारायचे आणि दुसरी सही घ्यायची. जे आपल्याला कायद्यापुढे झाकता येणार नाही, ते झाकू असे सांगायचे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेख-संग्रहासाठी काही सवलत आहे. ती आहे म्हणून माणसाला न विचारता पुढे जावे, असा तिचा अर्थ कोणी लावू नये.

छोटी संस्था उभी कशी राहते?

महाराष्ट्रात रस्ता मळलेला आहे. सात जण एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद होते, किंवा थेट विश्वस्त संस्था नोंदवली जाते. दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, विश्वस्त बदलले की कळवावे लागते. कंटाळवाण्या या कागदांवरच बहुतेक उत्साही संस्था आपटतात. देणगीदाराला ‘ऐंशी-जी’ची सवलत हवी असते, पण ती जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यालाच मिळते, हे मागायला जाताना लक्षात असावे. मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी वारशाच्या जतनावर खर्च करता येतो. मात्र कंपनीला उद्घाटनाचे छायाचित्र आणि फलक हवा असतो, आणि ध्वनिफितीवर फलक लावता येत नाही.

त्यामुळेच वारशाचा पैसा दगडाकडे जातो. मंडईच्या मनोऱ्यावर रोषणाई करायला कोणाची ना नसेल, माझीही नाही. पण त्या खर्चाच्या शेजारी १२० तासांच्या बोलण्याचा खर्च मांडून पाहा आणि मग ‘निधी नाही’ हे उत्तर द्या.

अशी संस्था कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न पैशापेक्षा नाजूक आहे. एखाद्या मंडळाच्या किंवा पक्षाच्या कार्यालयात ती गेली की आधी कार्यकर्त्यांच्या मुलाखती होतील आणि हमालांची पाळी येणार नाही. हमाल पंचायतीसारख्या संघटनेची जाण, इतिहासाच्या प्राध्यापकाची शिस्त आणि गाळ्यावर रोज बसणारी निदान दोन माणसे विश्वस्त म्हणून हवीत. मुलाखतींची पहिली यादीही मंडईच्या बाहेरच्या कडेपासून करावी : पाटी डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या, लिंबू-मिरचीचे वाटे लावून फरशीवर बसणाऱ्या, रात्री उरलेला पाला उचलणाऱ्या. आतल्या जुन्या गाळेवाल्यांना विचारायला निदान कोणीतरी कधीतरी आले आहे.

पहिल्याच बैठकीत आणखी एक ठराव लिहून ठेवावा लागेल : संस्था बंद पडली तर संग्रह कोणत्या ग्रंथालयाकडे जाईल, आणि प्रत्येक मुलाखतीची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी कधी पोचेल.